फाट्यावर उतरल्यानंतर

बाई, सप्रेम नमस्कार.

मी केज तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, लोक लगेच ओळखतील. माझी थोरली लेक २२ वर्षांची आहे. बी.कॉम. झाली आणि जूनपासून संभाजीनगरला सिडकोत एका ऑफिसात लागली. चौघी मुली मिळून खोली करून राहतात. दर शनिवारी ती गावी येते. सिडको स्टँडवरून बीड, बीडवरून केजकडची गाडी, आमच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून ३ किलोमीटर आत. फाट्यावर तिचे पप्पा किंवा धाकटा मोटरसायकल घेऊन जातात.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी बीडला तिची शेवटची एसटी हुकली. मग काळीपिवळीत बसली. नेकनूरला सगळे उतरले, ही एकटी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, पुढं येऊन बस, मागं गार लागंल. ही गेली नाही. मग त्यानं गाडी हळू केली. नाव विचारलं, काम विचारलं, शेवटी मोबाइल नंबर मागितला. लेकरू भेदरलं. नंबर दिल्याशिवाय हा फाट्यावर गाडी थांबवणार नाही असं तिला वाटलं. तिनं चुलतभावाचा नंबर दिला. रात्री साडेदहाला त्या माणसाचा फोन माझ्या पुतण्याला आला, तेव्हा आम्हाला कळलं. तोवर ती आमच्यात बसून जेवली, हसली, बोलली, पण त्यातलं एक अक्षर तिनं काढलं नव्हतं.

आता तिचे पप्पा म्हणतात, नोकरी बास झाली, एक स्थळ आलंय ते बघू. लेक आठ दिवसांपासून आमच्याशी धड बोलत नाही. मला तिची नोकरी सुटू नये असंच वाटतं, पण शनिवार आला की पोटात गोळा येतो. गाडीत कसं बसावं, कुठं सावध राहावं, फोन कुणाला करावा, सगळं नीट लिहा. मी तिला वाचायला देईन. पप्पांनाही.

एक आई

*

ताई,

चुलतभावाचा नंबर! अंधारात, रिकाम्या गाडीत, घशाला कोरड पडलेली असताना हे सुचायला डोकं लागतं. खोटा नंबर दिला असता तर त्या माणसानं तिथंच लावून पाहिला असता. ही माणसं लावून बघतात. हिनं दिलेला नंबर खरा होता, फक्त उचलणारा वेगळा होता. तेव्हा तुमच्या लेकीला शहाणपण शिकवायची गरज मला तरी दिसत नाही. काही गोष्टी तिला माहीत असायला हव्यात, त्या पुढं सांगतेच.

पण त्याआधी मला एक विचारायचंय. तिला पप्पांचाही नंबर पाठ असेल ना? मग तिनं भावाचा का दिला?

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पप्पांना कळलं तर नोकरी जाईल हे तिला त्या जीपमध्येच माहीत होतं. आणि कळलं तेव्हा तसंच झालं. म्हणजे तिनं गप्प बसणं हा तिच्या बाजूनं अगदी बरोबर हिशेब होता. आता तुम्ही तिला कितीही नंबर पाठ करून दिलेत, तरी पुढच्या वेळी ती ते फिरवण्याआधी हाच हिशेब करणार.

माझं सांगते. १९८८ साली मी अंबाजोगाईहून रोज एका खेड्यातल्या शाळेत जायचे. जायला-यायला जीप. तेव्हाही ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना सिटा कोंबायचे, त्याच्या उजव्या हाताला सुद्धा एक माणूस अर्धा बाहेर लटकलेला असायचा. एक ड्रायव्हर बाईमाणसाला डावीकडं, गिअरच्या शेजारी बसवायचा. गिअर टाकताना हात लागला, असं म्हणायची सोय. मी हे घरी दोन वर्षं सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या असत्या, मग कशाला जाता? शेवटी सांगितलं ते शाळेतल्या दुसऱ्या बाईंना. त्या म्हणाल्या, "अहो, मलाही तोच." दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी माळवं विकायला जाणाऱ्या बायकांबरोबर मागं बसायला लागलो. एक म्हातारी तर वांग्यांची पाटी मुद्दाम समोर आडवी ठेवायची आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हणायची, "बाईला धक्का लागला तर पाटी तुझ्या डोक्यावर." त्रास थांबला. पण घरात तो विषय त्यानंतरही कधी निघाला नाही.

तेव्हा पप्पांना माझ्याकडून एवढं वाचून दाखवा: दादा, तुमची काळजी खोटी नाही. पण लेकीला एकदा तोंडानं सांगा की, "कधीही, कुठूनही फोन कर. आधी घ्यायला येईन, बाकीचं घरी आल्यावर. आणि फोन केलास म्हणून नोकरी सुटणार नाही." हे शेवटचं वाक्य गाळलंत तर आधीच्या वाक्यांना काही किंमत नाही. आणि स्थळाचं म्हणाल तर ते या भानगडीत आणूच नका. लग्न झालेल्या बायकाही त्याच काळीपिवळीत बसतात.

आता तिच्या वाटेकडं येऊ.

पहिला घोळ वेळेचा आहे. सिडकोतून संध्याकाळी चारला निघालेलं माणूस आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई करत बीडला येईपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो. शहागडच्या पुलाजवळ किंवा गेवराईत गाडी थोडी रखडली की पुढची एसटी गेलीच. म्हणजे काळीपिवळीत बसायचं हे काही तिनं ठरवून केलेलं नाही. त्यामुळं शनिवारी दोन तास आधी सुटायला मिळतं का, ते ऑफिसात विचारायला सांगा. बाकीच्या दिवशी अर्धा-अर्धा तास जास्त बसून भरून देता येतं. नाहीच जमलं तर बीडला कुणा पाहुण्याकडं मुक्काम आणि रविवारी सकाळी गावी. शनिवारची गरम भाकरी एक दिवस उशिरा. आणि उजेडी गाडी सापडली तर एसटीच धरावी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, जीपवाला अर्धे घेत नाही. शिवाय एसटीत वाटेत सगळे उतरले तरी कंडक्टर असतो, जीपमध्ये शेवटी एक ड्रायव्हर आणि एक सीट उरतं.

एसटीत बसल्यावर कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, "मला अमुक फाट्यावर उतरायचंय, आणि घ्यायला माणूस येणार आहे." दुसरं वाक्य मागच्या चार जणांना ऐकू जाईल असं म्हणायचं. तिकीट फेकायचं नाही. त्यावर तारीख, वेळ, मार्ग असतो. पुढं काही तक्रार करायची झाली तर त्या कागदाच्या चिठ्ठीवरून गाडी आणि कंडक्टर दोन्ही सापडतात. खिडकीची हौस दिवसा. रात्री शेजारी अनोळखी पुरुष येणार असेल तर कडेची, म्हणजे मधल्या वाटेजवळची जागा बरी; आत अडकून पडायला होत नाही. शेजाऱ्यानं अंग टाकायला सुरुवात केली तर हळू आवाजात "जरा सरका" म्हणण्यात काही फायदा नाही. उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "कंडक्टर, मला जागा बदलून द्या." का, ते सगळ्या गाडीला कळतं.

कधी काळीपिवळीत बसायचीच वेळ आली तर बसण्याआधी दोन मिनिटं हातात असतात. सगळं त्या दोन मिनिटांत करायचं. "निघायलोच की ताई, एकच सीट राहिलंय," असं ते अर्धा तास म्हणत असतात, म्हणजे घाई त्यांनाही नसते. आधी नंबरप्लेट. भाड्यानं चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची गाडी भाडं घेत असेल तर ती खाजगी आहे, तिला प्रवासी नेण्याचा परवाना नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना नाकी नऊ येतात. त्या गाडीत बसू नये, मग ड्रायव्हर गावचा असला तरी. नंबर वाचायचा: एमएच-२३ बीडची, एमएच-४४ अंबाजोगाईची. फोटो काढून घरी पाठवायचा, आणि गाडीत बसल्यावर फोन लावून मोठ्यानं सांगायचं, "पप्पा, चव्वेचाळीसची गाडी आहे, नंबर पाठवलाय, नऊपर्यंत फाट्यावर येते." फोन लागला नाही तरी बोलायचं. ड्रायव्हरला कुठं कळतंय पलीकडं कुणी आहे की नाही.

बसायचं मधल्या ओळीत, दाराकडं, होता होईल तो दुसऱ्या बाईजवळ. पुढं कधीच नाही. गाडीत शेवटी एकटी आपणच राहणार असं दिसलं तर ज्या गावात बाजार आहे, दुकानं उघडी आहेत, तिथं उरलेल्या लोकांबरोबरच उतरायचं. तुमच्या लेकीच्या वाटेवर ते गाव म्हणजे नेकनूर. मेडिकलच्या दुकानात उभं राहायचं आणि घरी फोन करायचा, इथं येऊन न्या. पप्पांची मोटरसायकल दहा-पंधरा किलोमीटर जास्त पळेल. ती पळवायची तयारी आहे का, हे मात्र आजच ठरवून ठेवा, त्या रात्री नको.

१ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या प्रवासी गाड्यांमध्ये गाडीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि संकटात दाबायचं लाल बटण असणं सरकारनं सक्तीचं केलंय. रिक्षांना त्यातून सूट आहे. आणि आपल्याकडच्या जीपा कुठल्या सालच्या आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. बटण दिसलं तर कुठं आहे ते बघून ठेवावं, त्याच्या भरवशावर बसू नये.

आता फाटा.

शहरात राहून सल्ले देणाऱ्यांना फाटा म्हणजे काय ते कळत नाही. एक बंद टपरी, एक कमान, वाढदिवसाचा फाटलेला फ्लेक्स आणि दिव्याचा खांब, ज्यावरचा दिवा लागला तर लागला. सगळी काळजी आपण गाडीची करतो, आणि गाडी निघून गेल्यावर तिथं जो अंधार उरतो त्याचा विचार कुणी करत नाही. त्यातही आपला बीड जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतं. एरवी रात्री नऊला रस्त्यानं कुणी ना कुणी भेटतं. या दिवसांत त्या ३ किलोमीटरवर कुत्रं भेटलं तर नशीब. म्हणून हिवाळ्याचा नियम वेगळा हवा. तिनं फाट्यावर पोचून फोन करायचा आणि मग धाकट्यानं चप्पल शोधायची, असं नको. बीड सोडलं की एक मिस्डकॉल, नेकनूर आलं की दुसरा. दुसरा आला की मोटरसायकल निघाली पाहिजे. तिनं थांबायच्या ऐवजी घरचं माणूस तिथं थांबलेलं असलं की अर्धं काम झालं. ड्रायव्हर किंवा कंडक्टरला मोटरसायकलचा दिवा दिसतो, तेवढं पुरतं. आणि घरचं कुणीच येऊ शकणार नसेल, तर फाट्याच्या अलीकडं-पलीकडं जिथं ढाबा किंवा पेट्रोल पंप चालू आहे तिथं उतरायचं. अंधारात ३ किलोमीटर चालत यायचं नाही, आणि "चल, सोडतो गावात" म्हणणाऱ्या अनोळखी मोटरसायकलवर तर मुळीच बसायचं नाही. ओळखीच्या मोटरसायकलवर बसण्याआधीही घरी फोन करून कुणाबरोबर येतेय ते सांगायचं, त्याच्यासमोर. भला माणूस असेल तर त्याला राग येत नाही.

फोन कुणाला? ११२. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, सगळ्याला हा एकच. फोनला लॉक असला, बॅलन्स संपलेला असला तरी लागतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या, जी कुणी सांगत नाही: हा फोन उचलणारं माणूस बीडच्या पोलीस ठाण्यात बसलेलं नसतं. राज्यभराचे फोन दूरच्या मध्यवर्ती केंद्रात घेतले जातात आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो. त्यामुळं "नेकनूरच्या पुढं, मोठ्या चिंचेपाशी" हे त्यांना कळणार नाही. जिल्हा, तालुका, कुठून कुठं जाणारा रस्ता, मागं गेलेलं गाव आणि दिसला तर किलोमीटरचा दगड, या क्रमानं सांगायचं. तुमच्या लेकीनं हे एकदा घरात बसून मोठ्यानं म्हणून बघावं. वेड्यासारखं वाटेल. वाटू द्या. फोनच्या सेटिंगमध्ये तातडीच्या कॉलची सोय असते, चालू-बंद करायचं बटण पटापट दाबलं की कॉल जातो. प्रत्येक फोनचं थोडं वेगळं असतं, धाकट्याला बसवून ते लावून घ्या. त्याच जागी पप्पांचा नंबरही घालता येतो. १८१ हा बायकांसाठीचा चोवीस तासांचा नंबर आहे, पण गाडी भलतीकडं वळली असेल तेव्हा थेट ११२. १८१ नंतरच्या सल्ल्याला, मदतीला. आणि चार्जिंग! शनिवारी दुपारी ऑफिसात फोन चार्जिंगला लावून मगच निघायचं. बीडपर्यंत रील बघत आलं की नेमका केजच्या गाडीत फोन मरतो.

बसस्थानकाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. फलटणच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मुलीला एका माणसानं 'ताई' म्हणून हाक मारली, तुमची गाडी इथं लागत नाही, तिकडं लागलीय म्हणाला, आणि उभ्या असलेल्या अंधाऱ्या बसकडं घेऊन गेला, अशी तिची फिर्याद आहे. त्यानंतर ती का गेली, असं विचारणारे कमी नव्हते. मला विचाराल तर आपण सगळ्याच गेलो असतो. स्टँडवर गाडी कुठं लागली ते लोकांना विचारूनच आपण आयुष्यभर प्रवास केलाय, आणि 'ताई' म्हणणाऱ्यावर संशय घ्यायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून लेकीला घाबरवू नका, फक्त एक सवय लावा: गाडीबद्दल विचारायचं ते चौकशीच्या खिडकीत, वाहतूक नियंत्रकाला. दुसऱ्या कुणी स्वतःहून येऊन सांगितलं तर "बरं" म्हणायचं आणि खिडकीत जाऊन खात्री करायची. ज्या गाडीत दिवे नाहीत, इतर प्रवासी नाहीत, ड्रायव्हर-कंडक्टर नाहीत, त्या गाडीची पायरी चढायची नाही, मग पाटीवर आपल्या गावाचं नाव का असेना.

संभाजीनगरात ती रोज कशानं फिरते ते तुम्ही लिहिलं नाही. जालना रोडवर सिटी बस मिळते, ती बरी. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी चौथं सीट म्हणून बसवतात, तिथं बसू नये. मोबाइलवरून टॅक्सी बोलावली तर नंबर जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही, ओटीपी आत बसून सगळं बघितल्यावर द्यायचा, आणि "मॅडम, ॲपवरून कॅन्सल करा ना, कॅश द्या, तुम्हालाही स्वस्त पडेल" याला भुलायचं नाही. कॅन्सल केलं की ती फेरी झालीच नाही. आपण कुठं आहोत याची नोंद कुणाकडंच उरत नाही. वीस रुपयांसाठी नको. मागचं दार आतून उघडतं का, ते गाडी हलायच्या आधी एकदा उघडून बघावं. लहान मुलांसाठी असलेलं लॉक लावलेलं असेल तर ते आतून उघडत नाही.

तिच्या ऑफिसबद्दल दोन कायदे तिला माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा आहे. तो लागू असलेल्या ठिकाणी बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात तिच्या संमतीशिवाय काम लावता येत नाही, आणि लावलं तर तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत सोडण्याची सोय मालकानं करायची असते. दुसरा २०१३ चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्यात कामाच्या ठिकाणात कंपनीनं दिलेली गाडीही येते. वाळूज, शेंद्र्याला कंपनीच्या बसनं जाणाऱ्या मुली हा सदर वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बसमध्ये झालेल्या त्रासाची तक्रारही कंपनीच्या समितीकडं करता येते, तीन महिन्यांच्या आत, लेखी.

रेल्वे तुमच्या वाटेत नाही, पण परभणी-पूर्णा-नांदेडकडच्या वाचकांसाठी ओझरतं सांगते. रेल्वेत मदतीचा नंबर १३९. गंमत अशी की रेल्वे कायद्याचं कलमही १३९ च आहे, ज्यानुसार पुरुष सोबत नसलेल्या बाईला तिकीट नाही म्हणून रात्री कुठल्याही आडस्थानकावर उतरवता येत नाही. उतरवायचंच तर दिवसा, आणि तेही ती जिथून बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथंच. म्हणजे कुणी पूर्ण्याच्या अलीकडं रात्री दोनला "उतरा खाली" म्हणालं तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. दंड भरावा लागतो, तो भरा.

आणि पुण्या-मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यांनी १ जुलै २०२३ ची रात्र विसरू नये. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. झोपायच्या आधी संकटकाळचं दार आणि काच फोडायचा हातोडा कुठं आहे ते बघायचं. हातोडा नसेल तर क्लिनरला विचारायचं. तो हसेल. विचारायचंच.

परत तुमच्याकडं. त्या जीपवाल्याचं काय करायचं?

पप्पा आणि पुतण्या चार पोरं घेऊन बीडच्या स्टँडवर त्याला हाणायला जायच्या विचारात असतील, तर त्यांना आवरा. मार खाऊन तो गप्प बसेल, पण पंचक्रोशीत "कुणाच्या पोरीवरून झालं?" हे फिरेल, आणि केस तुमच्याच माणसांवर होईल. तुमच्याकडं त्याहून चांगली वस्तू आहे: पुतण्याच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर, तारीख आणि वेळ. ती पुसू नका, फोटो काढून ठेवा. लेकीची इच्छा असेल, पुन्हा सांगते, तिची इच्छा असेल, तर पोलिसांत लेखी अर्ज द्या. नेकनूरची हद्द की केजची, यावरून कुणी टोलवलं तर सांगायचं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यायची सोय आहे. हद्द कुणाची ते त्यांनी आपसात बघायचं. नुसता एकदा नंबर मागितला म्हणून मोठा गुन्हा उभा राहील असं मी सांगणार नाही. पण त्यानं पुन्हापुन्हा फोन केला, मागं लागला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, आणि अंगाला हात लावला असता तर ७४, ७५ होती. बऱ्याचदा ठाण्यातून एक फोन गेला तरी असली माणसं वळणावर येतात. काळीपिवळीच्या स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारा एक जाणता असतो, त्याच्याही कानावर घालता येईल. धंदा बदनाम झालेला त्याला परवडत नाही. त्या रस्त्यावरच्या बहुतेक जीपवाल्यांच्या स्वतःच्या लेकी याच गाड्यांतून कॉलेजला जातात.

आणि लेक आठ दिवस बोलत नाही, त्याचं. तिला "का सांगितलं नाहीस?" हे पुन्हा विचारू नका. कशी सुटलीस ते विचारा. ती सांगायला लागली की मधे बोलू नका, पप्पांनाही बोलू देऊ नका. त्या गोष्टीत ती हुशार निघालेली आहे; ती तिला पूर्ण सांगू द्या. येत्या शनिवारी फाट्यावर धाकट्याला न पाठवता पप्पांनीच जावं, आणि यावेळी तिच्या फोनमधला तातडीचा नंबर त्यांनी स्वतःचा घालून द्यावा. पुन्हा कुणी नंबर मागितलाच, तर तिच्या तोंडून पप्पांचा निघाला पाहिजे. आणि तसा फोन आलाच तर त्या माणसाशी भांडत बसायच्या आधी पप्पांनी तिला फोन लावून एवढंच विचारावं, "बाळा, कुठं आहेस, निघू का मी?"

जाताना मोटरसायकलचा मागचा लाल दिवा लागतो का ते बघायला सांगा. सध्या त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत, त्यातल्या निम्म्यांना तोही नसतो.

तुमच्या बाई